वर्णन पुढीलप्रमाणे

बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला व्यक्तिचित्र हा वाङ्मयप्रकार शिकविताना मी पाठ्यपुस्तकातील उताऱ्यांच्या जोडीला एक वेगळा मजकूर वर्गात वाचून दाखविते. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, निविदा आणि नावबदलाच्या जाहिरातींच्या शेजारी तो छापलेला असतो: अनोळखी मृतदेहाची ओळख पटविण्याचे आवाहन. त्याचा घाट ठरून गेलेला आहे. प्रथम ठिकाण आणि तारीख, मग 'वर्णन पुढीलप्रमाणे', आणि पुढे वय अंदाजे इतके, उंची इतकी, रंग सावळा, बांधा सडपातळ, चेहरा उभट, दाढी वाढलेली, अंगात अमुक रंगाचा शर्ट, हातावर गोंदण असल्यास ते. शेवटी वारसांनी अथवा माहिती असणाऱ्यांनी संपर्क साधावा, अशी विनंती.

याला व्यक्तिचित्र म्हणता येईल का, असा प्रश्न मी टाकते. एका वर्षी रात्रपाळी करून सकाळी वर्गात येऊन बसणारा एक विद्यार्थी म्हणाला, "मॅडम, ह्यात शर्टाची बटणंसुद्धा आहेत, पण तो कुणाशी बोलायचा ते नाही." मजकूर लिहिणाऱ्या हवालदाराला दोष देण्यात अर्थ नाही. प्रेत जेवढे सांगू शकते तेवढेच तो लिहितो, आणि पुष्कळदा नेटके लिहितो. पण रस्त्यावर राहणाऱ्या माणसाविषयी आपल्या भाषेत जे काही वर्णनपर गद्य लिहिले जाते, त्यांपैकी बहुतेक एवढेच असते, आणि तेही तो मेल्यानंतर.

या मजकुराने मला ज्या प्रश्नाकडे नेले तो वाङ्मयाचा नाही, किंवा थोडासाच आहे. रस्त्यावर राहणारा माणूस स्वतःचे जीवन संपवितो, तेव्हा ती आत्महत्या होती हे कळते कोणाला? घरात राहणाऱ्याच्या बाबतीत ते कळण्याच्या वाटा असतात. चिठ्ठी असते. चिठ्ठी नसली तर 'चार दिवस नीट जेवत नव्हता' असे सांगणारी आई असते, कर्जाचे हप्ते ठाऊक असणारा मित्र असतो, औषधाची चिठ्ठी लिहिणारा डॉक्टर असतो. या सगळ्यांच्या बोलण्यातून मागे मागे जात एक हकीकत रचली जाते आणि मग तिला आत्महत्या हे नाव मिळते. मृत्यू शरीराचा असतो. हेतू मात्र कोणीतरी सांगावा लागतो. आपल्या परिभाषेत बोलायचे तर आत्महत्या हे निवेदकावाचून सिद्ध न होणारे कथानक आहे. बेघर माणसाजवळ नेमका निवेदक नसतो. तो अपघाताने गेला, आजाराने गेला, दारूने गेला, की आपण होऊन गेला, हे प्रश्न मग एकाच नोंदीत मिटून जातात: अकस्मात मृत्यू.

आपले शब्दही पाहण्यासारखे आहेत. 'बेघर' हा शब्द जिवंत माणसासाठी आहे, पण तो बहुधा सरकारी कागदावरच भेटतो. बोलण्यात असा माणूस 'वेडा' असतो, 'दारुडा' असतो, 'भिकारी' असतो. म्हणजे घर नसणे ही त्याची अवस्था आपण स्वभावात किंवा धंद्यात रूपांतरित करून टाकतो. मेल्यावर तो 'बेवारस' होतो, आणि हा शब्द आपण पिशवी, मोटार, कुत्रे यांनाही तितक्याच सहजतेने लावतो. संस्कृतात याच अर्थाच्या जवळचा 'अनिकेत' आहे. गीतेच्या बाराव्या अध्यायात तो भक्ताच्या लक्षणांत येतो, आणि माझ्या प्रत्येक वर्गात निदान दोन अनिकेत असतात. त्यांच्या आईवडिलांनी वीस वर्षांचे गृहकर्ज काढलेले असते, ही गोष्ट वेगळी.

मराठी वाङ्मयाने हा विषय हाताळलाच नाही असे नाही. जयवंत दळवींच्या 'चक्र'ने १९६३ साली झोपडपट्टी मध्यवर्ती केली. नारायण सुर्वे तर गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने रस्त्यावरून उचलून वाढविलेले मूल. पण बेघरपण आणि मरणाची इच्छा ही दोन्ही एकत्र येतात ती मराठी मनाला सर्वांत परिचित असलेल्या नाटकात, 'नटसम्राट'मध्ये. १९७० साली डॉ. श्रीराम लागूंनी उभे केलेले अप्पासाहेब बेलवलकर आजही प्रत्येक महाविद्यालयीन स्पर्धेत भेटतात. परीक्षक म्हणून बसले की सकाळपासून दुपारपर्यंत पाच-सहा बेलवलकर घर मागून जातात, एखादा जगण्यामरण्याचा प्रश्न विचारून जातो, आणि टाळ्या होतात. कुसुमाग्रजांचे ते यश आहेच. तरी मला नेहमी वाटते की या नाटकाने बेघर माणसाची एक सोयीची प्रतिमा आपल्याला देऊन ठेवली. अप्पासाहेब रस्त्यावर येतात ते मुलांच्या कृतघ्नतेमुळे. बाजारभाव, ठेकेदार, आजार यांच्यामुळे नव्हे. त्यांच्याजवळ भाषा आहे, भूतकाळ आहे, वैभवाची आठवण आहे, आणि मुख्य म्हणजे त्यांचे बोलणे ऐकायला समोर सातशे माणसे बसलेली आहेत. बेघर माणसाला जे सर्वांत दुर्मीळ असते, तेच त्यांना भरपूर मिळालेले आहे.

मी चिखलीत राहते. 'टाळगाव चिखली' हे तिचे जुने नाव तुकोबांच्या टाळकऱ्यांशी जोडलेले आहे. देहू जवळ, इंद्रायणी उत्तरेच्या अंगाने वाहणारी. १९९७ साली गाव महापालिकेत आले. भोसरी आणि तळवडे यांच्या मध्ये सापडलेल्या या गावाचा तेव्हापासून जो विस्तार झाला, त्यात तीन गोष्टी शेजारी शेजारी उभ्या राहिल्या: उंच गृहसंकुले, महापालिकेची 'स्वस्त घरकुल' योजना आणि कुदळवाडीतील भंगाराची गोदामे. येथे घर नसणारा माणूस पुलाखालीच सापडेल असे नाही. तो कॉट बेसिसवर राहतो. म्हणजे एकाची पाळी सुरू झाली की त्याच्या कॉटवर दुसरा झोपतो, आणि काम सुटले की कॉटही सुटते. तो पत्र्याच्या शेडमध्ये पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यांवर झोपतो. पूर्णानगरात ३० ऑगस्ट २०२३ च्या पहाटे एका दुकानाला आग लागून आत झोपलेले एकाच कुटुंबातील चौघे गेले. दुकान हेच त्यांचे घर होते. २०२५ च्या फेब्रुवारीत महापालिकेने कुदळवाडीतील अनधिकृत बांधकामांवर कारवाई केली आणि आठवडाभरात चार हजारांहून अधिक शेड, गोदामे, दुकाने जमीनदोस्त झाली. तेथील वारंवार लागणाऱ्या आगी, नदीत जाणारे रसायन, विकास आराखड्यातील रस्ते, ही कारणे खोटी नव्हती. मालकांच्या नुकसानीची चर्चाही झाली. शेडमध्ये रात्री झोपणाऱ्यांची चर्चा फारशी झाली नाही, कारण कागदोपत्री तेथे कोणी राहतच नव्हते.

जनगणनेतही असेच होते. २०११ च्या गणनेत बेघरांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत झाली. देशात १७.७ लाख, महाराष्ट्रात २.१ लाख. ज्याच्या डोक्यावर कसलेही छप्पर नाही तो बेघर. गोदामाच्या पत्र्याखाली झोपलेला माणूस त्या व्याख्येबाहेर राहण्याचीच शक्यता अधिक. २०२१ ची गणना झालीच नाही, ती आता २०२७ मध्ये व्हायची आहे.

आता ज्याच्यामुळे हा लेख लिहावासा वाटला त्या माणसाविषयी. नाव सांगत नाही. २०२३ च्या हिवाळ्यात सकाळच्या बससाठी साने चौकाजवळ उभी असताना तो एका बंद दुकानाच्या पायरीवर अंथरूण गुंडाळताना दिसे. वय चाळिशीच्या पुढचे. दुकानदाराची हरकत नव्हती. रात्री शटरपाशी कोणी असलेले त्याला बरेच होते. बोलण्याच्या हेलावरून तो माझ्याच मुलखातला, लातूरकडचा, हे कळले आणि बोलणे सुरू झाले. दिवसा कुदळवाडीत माल चढवायचा-उतरवायचा, भंगार निवडायचे; काम नसेल त्या दिवशी मजूर अड्ड्यावर उभे राहायचे.

तो किल्लारीजवळच्या गावचा होता. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट त्याने दहा-बारा वर्षांचा असताना पाहिलेली. हे कळल्यावर कथा-कादंबऱ्या वाचलेल्या कोणालाही होईल तसा कारण सापडल्याचा एक आनंद मला झाला. घर कोसळताना पाहिलेला मुलगा पुढे छपराखाली झोपू शकत नाही. केवढे सुसंगत कथानक! त्याने ते उडवून लावले. "भूकंपाचं काय नाही मॅडम, त्याला लई वर्षं झाली. ठेकेदारानं पैसे बुडवले, खोलीचं भाडं थकलं, बायको माहेराला गेली, मग दारू. दुसरं काय नाही." क्रम त्याने बोटांवर मोजून दाखविला. एखाद्या समाजशास्त्रज्ञाला अध्यायांची नावे म्हणून ती चार बोटे पुरली असती.

झोपेबद्दल त्याने जे सांगितले ते मी कोठेही वाचलेले नव्हते. "झोप येती मॅडम, पर झोपायचं नसतंय. गाढ झोपलं की चप्पल जाती, पैसे जातात. एकदा कागदं गेली." रस्त्यावरचा माणूस म्हणजे ऐसपैस पसरलेला, जगाची फिकीर नसलेला, असे आपण समजतो, प्रत्यक्षात तो वर्षानुवर्षे अर्धवट जागा असतो. सलग चार रात्री झोप झाली नाही तर आपल्यासारख्यांना उत्तरपत्रिका तपासताना आकडे दोन दिसू लागतात. ज्याची चार वर्षे अशी गेली त्याला आवाज ऐकू येऊ लागले, संशय येऊ लागला, तर ते कितपत मेंदूचे आणि कितपत पायरीचे, हे वेगळे करणे डॉक्टरांनाही अवघड जाते. आजारामुळे माणूस घराबाहेर पडतो हे खरे, आणि घराबाहेर पडल्यामुळे आजारी होतो हेही तितकेच खरे. बहुतेकांच्या बाबतीत दोन्ही एकमेकांना ढकलत असतात.

दुसरी गोष्ट लाजेची. गावाकडे तो अजून कंपनीत कामाला होता. सणाला येता येत नाही कारण 'ओव्हरटाइम' असतो, असे तो फोनवर सांगत असे. ही हकीकत त्याने इतकी काळजीपूर्वक सांभाळली होती की पाळ्यांच्या वेळासुद्धा दर आठवड्याला बदलत. फोन चोरीला गेला तेव्हा त्याला सर्वांत मोठे दुःख कशाचे झाले असेल, तर ती हकीकत आता पुढे चालविता येणार नाही याचे.

आत्महत्या प्रतिबंधाच्या क्षेत्रात काम करणारे सगळे एक गोष्ट आवर्जून सांगतात: शंका आली तर सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. उलट बोलायला जागा होते. पुण्यात 'कनेक्टिंग' ही संस्था २००५ पासून हे ऐकून घेण्याचेच काम करते आहे. एका सकाळी मी त्याला विचारले, जगू नये असे वाटते का? त्याने भावनिक काही केले नाही. अड्ड्यावर मजुरीचा दर विचारल्यावर माणूस जसा क्षणभर हिशेब करतो, तसा त्याने केला. "पावसात वाटतं. थंडीत नाही वाटत. थंडीत नुसतं जागं राहण्यात रात सरती."

या उत्तराचा मी पुष्कळ विचार केला आहे. आपल्या वाङ्मयात मरणाची इच्छा बहुधा तत्त्वचिंतनाच्या पातळीवर येते. तिला ऋतू नसतो, ओले अंथरूण नसते. याच्या मरणेच्छेला छप्पर गळण्याइतके साधे, भौतिक कारण होते, आणि म्हणून ती कमी धोक्याची होती असे मुळीच नाही. माझ्या मते उलटच. ज्याचे दुःख तात्त्विक आहे त्याच्याशी वाद घालता येतो. पावसाशी काय वाद घालणार?

महापालिकेच्या रुग्णालयात तो एकदा माझ्याबरोबर आला. केसपेपरवर पत्ता विचारला तेव्हा तो गप्प झाला. खिडकीतल्या बाईंनी वर पाहिले आणि 'साने चौक, चिखली' एवढे लिहून टाकले. डॉक्टरांनी नीट तपासले, वेळ दिला, गोळ्या लिहून दिल्या. गोळ्यांनी गुण येऊ लागला होता. पण तीन आठवड्यांनी त्याने त्या बंद केल्या. कारण त्याच्या बाजूने बिनतोड होते. गोळी घेतली की गाढ झोप लागे, आणि रस्त्यावर गाढ झोप परवडत नाही. गोळी लिहून देणाऱ्याने कडी लावता येणारे दार गृहीत धरलेले असते. त्या दाराची किंमत कोणत्याही केसपेपरवर लिहिलेली नसते.

निवारा केंद्र का नाही, असे वाचकांच्या मनात आले असेल. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने शहरांतील प्रत्येक लाख लोकसंख्येमागे शंभर जणांचा, चोवीस तास उघडा राहणारा एक निवारा असावा असे सांगितले आणि पुढे राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने तेच प्रमाण स्वीकारले. पिंपरी-चिंचवडची २०११ ची लोकसंख्या सव्वासतरा लाख; त्या हिशेबाने सतरा निवारे. पिंपरीतील 'सावली' हे नाव अनेकांना ठाऊक आहे आणि तेथे चांगले काम होते. पण चिखलीहून पिंपरी सात-आठ किलोमीटर. सकाळी सातला अड्ड्यावर उभे राहायचे असेल, आणि दिवसाची मजुरी मिळेल की नाही याची खात्री नसेल, तर माणूस कामाजवळची पायरी धरून राहतो. तो चार रात्री गेला, परत आला. कुदळवाडी पाडली गेली त्यानंतर तो मला दिसलेला नाही. त्याचे कामही त्या आठवड्यात नाहीसे झाले होते.

आकडे शोधायला गेले तर हात रिकामे राहतात, आणि ते का राहतात हे समजून घेण्यासारखे आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यांपैकी २२,७४६, म्हणजे सर्वांत अधिक, महाराष्ट्रात. देशातील एकूण आत्महत्यांत रोजंदारीवर जगणाऱ्यांचा वाटा सव्वीस टक्क्यांच्या वर. व्यवसाय, शिक्षण, उत्पन्न, विवाह, सगळ्यांचे रकाने आहेत. तो माणूस कोठे झोपत होता याचा रकाना नाही. मनोविकारांचे राष्ट्रीय सर्वेक्षण २०१५-१६ मध्ये निम्हान्सने केले, बारा राज्यांत. महाराष्ट्र त्यांत नव्हता. पण असता तरी आपल्या प्रश्नाला उत्तर मिळाले नसते, कारण ते सर्वेक्षण घराघरांत जाऊन केलेले होते. मनाविषयीचे आपले ज्ञान दार ठोठावण्यापासून सुरू होते. ज्याला दारच नाही तो त्या ज्ञानाबाहेर.

हे सगळीकडे असेच आहे असे नाही. डेन्मार्कमध्ये प्रत्येक रहिवाशाला जन्मभराचा एक क्रमांक असतो, घर असो वा नसो. त्यामुळे तेथील संशोधकांना १९९९ ते २००९ या काळात बेघरांच्या आश्रयगृहांत आलेल्या बत्तीस हजारांहून अधिक माणसांचा माग काढता आला. २०११ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या त्या अभ्यासात अशा तरुण पुरुषांचे अपेक्षित आयुष्य इतरांपेक्षा सुमारे एकवीस वर्षांनी कमी आढळले. इंग्लंडमध्ये तर सरकारी मोजणी सुरू झाली ती पत्रकारांनी बेघरांचे मृत्यू स्वतः एकेक करून नोंदायला घेतल्यावर. २०१८ या वर्षासाठी इंग्लंड आणि वेल्समध्ये ७२६ बेघर मृत्यूंचा अंदाज निघाला, पुरुषांचे सरासरी वय पंचेचाळीस. आणि या मृत्यूंपैकी सुमारे आठातला एक आत्महत्येचा. श्रीमंत देश, आरोग्यसेवा मोफत, तरी ही स्थिती. आपल्याकडचे प्रमाण याहून कमी असेल असे मानायला काही आधार नाही.

कायदा मात्र आपल्याकडे चांगला झाला आहे, आणि हे मी उपरोधाने म्हणत नाही. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा मे २०१८ मध्ये अमलात आला. निराधार किंवा बेघर व्यक्तीला सरकारी मानसिक उपचार विनामूल्य मिळण्याचा हक्क त्याने दिला. दारिद्र्यरेषेचे कार्ड हातात असो वा नसो. रस्त्यावर भटकणारी, स्वतःची काळजी घेऊ न शकणारी आजारी व्यक्ती दिसली तर तिला संरक्षण देऊन चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत नेणे आणि तिच्या कुटुंबाचा शोध घेणे हे पोलिसांचे कर्तव्य ठरविले. तिला कोठडीत ठेवायचे नाही. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे कायदाच गृहीत धरतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारे जुने ३०९ कलम राहिलेले नाही. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा आहे. ज्या राज्यात १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा अजून पुस्तकात आहे, तेथे ही पुष्कळ मजल म्हणावी लागेल.

आणि कामही झाले आहे. डॉ. भरत आणि डॉ. स्मिता वाटवानी यांनी १९८८ साली श्रद्धा पुनर्वसन संस्थेची सुरुवात केली ती रस्त्यावर गटाराचे पाणी पिणारा एक तरुण पाहून. तो पदवीधर निघाला. कर्जतचे केंद्र २००६ सालचे. २०१८ मध्ये डॉ. भरत यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला तोपर्यंत हजारो माणसे आपापल्या गावी पोहोचली होती. अहिल्यानगरजवळ डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांची 'माउली' रस्त्यावरच्या मनोरुग्ण स्त्रियांसाठी आहे. आणखी एक चिखली बुलढाणा जिल्ह्यात आहे. आमच्या पत्त्यावरची टपाले अधूनमधून तिकडे जातात. त्या चिखली तालुक्यात पळसखेड सपकाळ येथे पालवे दांपत्याचे 'सेवासंकल्प' आहे, तेही याच कामाला वाहिलेले.

या कामांविषयी आदर बाळगूनही एक गोष्ट बोलायला हवी. कायदा असो वा संस्था, सगळ्यांची वाट अखेर घराकडे जाते. कुटुंबाचा शोध, पुनर्भेट, गळाभेटीचे छायाचित्र. हरवलेल्या आजारी माणसासाठी ती वाट योग्यच आहे. पण 'माउली'सारख्या ठिकाणी येणाऱ्या कित्येक स्त्रियांना घराबाहेर काढणारे घरच असते. आणि आमच्या पायरीवरचा माणूस हरवलेला नव्हताच. त्याला गावाचा रस्ता पाठ होता. जायचे नव्हते ते रिकाम्या हाताने. अशा माणसाला वारस शोधून देणे म्हणजे ज्या लाजेपासून तो पळत होता तिच्याच स्वाधीन करणे. त्याला हवी होती ती कुदळवाडीपासून चालत जाण्याच्या अंतरावर, आतून कडी लावता येणारी, महिन्याला हजार-बाराशेत परवडेल अशी एक खोली, किंवा खोलीचा कोपरा. मानसोपचाराच्या पुस्तकात हा उपचार म्हणून लिहिलेला नसतो, पण पश्चिमेकडील काही देशांत 'आधी घर' या नावाने तो गेली तीसएक वर्षे होत आहे, आणि त्यात उपचार घेण्याची अट घराला लागत नाही: आधी कुलूप-किल्ली, मग गोळ्या.

१० ऑक्टोबर २०२२ पासून 'टेली मानस' ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतूनही उपलब्ध आहे. वाचकांपैकी कोणाला, स्वतःसाठी किंवा दुसऱ्यासाठी, तो लागेल म्हणून येथे देते. पायरीवरच्या माणसाला तो वापरायचा तर आधी फोन हवा, तो चार्ज केलेला हवा, आणि कोणी ऐकणार नाही असा आडोसा हवा.

चार्जिंगपुरते उत्तर आमच्या चौकात आहे. टपरीवाल्या मावशींनी किटलीमागे एक लांब बोर्ड लावून ठेवला आहे. रात्री दहाच्या सुमारास पाच-सहा जण त्यांच्याकडे फोन लावून जातात आणि सकाळी चहा घेताना परत नेतात. पैसे त्या घेत नाहीत. चहा मात्र घ्यावा लागतो. नावे त्यांना ठाऊक नाहीत, पण कोणता फोन कोणाचा हे ठाऊक आहे. साडेसात वाजून गेले आणि एखादा फोन तसाच बोर्डावर राहिला, की त्या भांडी घासणाऱ्या पोराला हाक मारतात. "बघून ये रे जरा, तो निळ्या कव्हरवाला उठला का."